जुना बोल्ट जपून ठेवा
जुन्या गाडीचा गंजलेला बोल्टही फेकू नका, नव्याची मापं त्याच्यावरच मिळतात. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. व्हर्नियरने व्यास, पिच गेजने (आट्यांचं माप घेणाऱ्या दातेरी पट्ट्यांनी) आटे मोजा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत फसगत इथेच होते: बीएसएफ आणि यूएनएफ ही बारीक आट्यांची दोन वेगळी मानकं; पाव इंची बीएसएफला इंचाला 26 आटे, यूएनएफला 28. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सरळ जातो, मग अडतो. तिथे पाना लावलात तर इंजिन ब्लॉकमधले आटे गेलेच! योग्य बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरायलाच हवा.

लांबी मिळत नसेल तर लांब बोल्ट कापा, मात्र बिनआट्याचा भाग मूळ बोल्टाइतकाच हवा. कापण्याआधी नट चढवा. काढताना तो टोकाचे आटे सरळ करतो.

सस्पेन्शनला चकाकणारा स्टेनलेस नकोच. ए2-70 या स्टेनलेस बोल्टाची ताकद 8.8 ग्रेडच्या पोलादी बोल्टापेक्षा कमी असते.