समुद्रकिनारी पहिल्यांदाच घोड्यावर बसायचे असेल, तर काय पाहावे?

आपण विचारले आहे की, डिसेंबरच्या सुट्टीत इंदूरहून अलिबाग-नागावला जाताना आपण आणि आपली अकरा वर्षांची मुलगी, दोघांनीही आयुष्यात कधी घोड्यावर मांड टाकलेली नसताना, घोडेवाल्याला सोबत घेऊन किनाऱ्यावर फेरी मारणे झेपेल का. आणि आपले वजन ८० किलोच्या आसपास आहे, त्याची काही अडचण होईल का. मी इंदूरलाच राहते, घोडेस्वारी पस्तिशी उलटल्यावर शिकले, आणि नणंदेचे घर नागावजवळ असल्यामुळे त्या किनाऱ्यावर माझे येणे-जाणे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मुलीला नक्की झेपेल आणि आपल्यालाही झेपेल, मात्र आपल्या बाबतीत घोडा कोणता मिळतो यावर बरेच अवलंबून आहे. नवख्या माणसाने पहिली फेरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या चालीत घ्यावी आणि घोडेवाल्याने दोरी हातात धरून घोड्याच्या डोक्याशेजारून चालावे, एवढे पाळले तर घोड्यावर बसणे फारसे अवघड नाही. साध्या चालीत घोडा ताशी सहा-सात किलोमीटर जातो, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच पुढे. अडचण येते ती घोडेवाला गिऱ्हाइकाला खूश करायला मागून घोड्याला हाकलतो तेव्हा. तेव्हा घोडा दुडक्या चालीने, म्हणजे हलकेच पळत निघतो; या चालीत त्याचे तिरक्या रेषेतले पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट) जोडीने पडतात, पाठ प्रत्येक टापेला वर उसळते, आणि ज्याला त्या लयीत उठता-बसता येत नाही तो माणूस दरवेळी आदळत राहतो. त्याचा त्रास जितका बसणाऱ्याला होतो तितकाच घोड्याच्या पाठीला होतो. म्हणून पैसे ठरवतानाच स्पष्ट सांगावे की आम्हाला पळवायचे नाही, दोरी सोडायची नाही आणि मागून चाबूक किंवा टाळी वाजवायची नाही. हे ऐकून जो घोडेवाला हसण्यावारी नेतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे.

त्याआधी घोडा पाहावा, आणि यासाठी दहा-पंधरा मिनिटे खुशाल घालवावीत. किनाऱ्यावर चार-पाच घोडे उभे असतील तर लगेच जवळ न जाता लांबूनच त्यांच्याकडे बघत राहावे. एखादा घोडा मागचा एक पाय सैल सोडून, खुराचे टोक टेकवून उभा असेल तर काळजीचे कारण नाही, घोडे अशीच विश्रांती घेतात. परंतु पुढचा पाय पुढे सरकवून त्यावरचा भार वारंवार काढून घेणारा घोडा बहुधा दुखत असलेला पाय सांभाळत असतो. दुसरे गिऱ्हाईक घेऊन येणारा घोडा चालताना दर पावलाला मान वर-खाली झटकत असेल, तर तो लंगडतो आहे असे समजावे. मग जवळ जाऊन तंगाखाली (तंग म्हणजे पोटाखालून खोगीर आवळून धरणारा पट्टा), खोगिराच्या कडेला आणि मानेच्या शेवटी पाठीवर जो उंचवटा असतो त्या जागी कातडी घासलेली, केस गेलेले किंवा ओली जखम दिसते का ते पाहावे. तोंडाच्या कोपऱ्यात, जिथे कडियाळे, म्हणजे लगामाची तोंडातली धातूची कांब बसते, तिथेही पाहावे. बरगड्या लांबून मोजता येत असतील किंवा खूर वेडेवाकडे वाढून चिरलेले असतील, तर त्या जनावराची निगा राखली जात नाही हे उघड आहे. शांत उभा असलेला निरोगी घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. बराच वेळ उभा राहूनही कुशी भात्यासारख्या हलत असतील, तर त्याला आणखी एका फेरीला नेणे हा अन्याय आहे. जखमी, आजारी किंवा अशक्त जनावराला कामाला जुंपणे आणि त्याच्यावर जास्त भार लादणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे, पण कायद्याचे नाव काढून वाद घालण्यापेक्षा आपण तो घोडा न घेणे आणि का घेत नाही ते घोडेवाल्याला शांतपणे सांगणे जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे. ज्याच्याकडे पाण्याची बादली आणि सावलीची सोय आहे, जो दोन फेऱ्यांच्या मध्ये तंग सैल करतो आणि घोड्याला नावाने हाक मारतो, अशा माणसाकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता वजनाविषयी. खोगीर आणि स्वार मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार होऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ३०० किलोच्या टट्टावर खोगिरासह ६० किलो, आणि आपल्यासारख्या ८० किलोच्या माणसाला आठ-दहा किलोचे खोगीर धरून सुमारे ४५० किलोचा, चांगला उंचनिंच घोडा लागेल. किनाऱ्यावर दिसणारी अनेक जनावरे टट्टू म्हणावीत इतकी लहान असतात. आपली मुलगी त्यांच्यावर आरामात बसू शकेल, आपण मात्र मोठा आणि भरलेला घोडा दिसला तरच बसावे. तसा दिसला नाही तर मुलीला बसवून आपण घोड्याच्या दुसऱ्या बाजूने तिच्या गुडघ्याशेजारून चालावे, असे मी मनापासून सुचवते. तिला धीर येतो, आणि जनावराच्या इतक्या जवळून चालताना आपल्यालाही त्याची बरीच ओळख होते. आई-मुलगा किंवा बाप-लेक असे दोघे एकाच घोड्यावर बसवतात, ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

वेळ कोणती घ्यावी, हे समुद्रावर सोडावे लागते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत घोड्याचे पाय रुततात आणि त्याच्या स्नायुबंधांवर ताण येतो. ओहोटीने नुकतीच मोकळी केलेली ओली, घट्ट वाळू मात्र त्याला सुखाची असते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, नेमक्या फेरीच्या वेळी, किनारा अरुंद झालेला असतो आणि घोड्यांना कोरड्या वाळूतूनच चालावे लागते. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, सकाळ-संध्याकाळ ओहोटी असते, आणि त्याच दिवसांत पाणी सर्वांत दूर हटत असल्यामुळे किनारा रुंद मिळतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रक पाहून घ्यावे. कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत घोडागाड्या जातात, त्यांचेही सगळे गणित याच वेळेवर चालते. माझी पसंती सकाळची आहे: ऊन कोवळे असते, वाळूवर चालणाऱ्या मोटारगाड्या आणि पाण्यावरच्या स्कूटर सुरू झालेल्या नसतात, आणि घोडाही ताजातवाना असतो. अवंतिका एक्सप्रेसने रात्र काढून मुंबईला उतरल्यावर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला आणि तिथून नागावला पोहोचेपर्यंत अंग आंबलेले असते, तेव्हा त्याच दिवशी फेरीचा बेत करू नये.

कपड्यांत लांब, सैलसर पण फडफडणार नाही अशी विजार आणि थोडी टाच असलेले बंद बूट एवढे पुरते. चप्पल किंवा सँडल घालून रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) पाय देऊ नये, कारण पाय आरपार घसरून अडकण्याची भीती तिथेच असते. घोडेस्वारीचे हेल्मेट किनाऱ्यावर मिळेलच असे नाही. मुलीचे सायकलचे हेल्मेट असेल तर ते इंदूरहूनच सोबत न्यावे, काहीच नसण्यापेक्षा ते खूपच बरे. धनुर्वाताची लस दोघांनीही घेतलेली आहे ना, तेही पाहावे. पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

घोड्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, पण थेट मागचे आणि अगदी कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये; डाव्या खांद्याच्या दिशेने, काहीतरी बोलत जावे आणि आधी मानेवर हात ठेवावा. चढायचेही डावीकडूनच, कमरेला डाव्या बाजूला तलवार लटकवणाऱ्या स्वारांची ही रीत आजपर्यंत टिकून आहे आणि घोड्यांनाही तिची सवय असते. जमिनीवरून लोंबकळत चढण्याऐवजी ओटा किंवा भक्कम बाकडे मागून घ्यावे, म्हणजे खोगीर एका बाजूला ओढले जात नाही. डाव्या हातात लगामासोबत आयाळीचे केस धरावेत, डावा पाय रिकिबीत घालावा, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला न लागता वरून न्यावा आणि खोगिरावर हळूच टेकावे. चढल्यावर थोडे अंतर चालून झाले की घोडेवाल्याला तंग पुन्हा तपासायला सांगावे. बांधताना पुष्कळ घोडे छाती फुगवून धरतात, नंतर श्वास सोडतात आणि तंग ढिला पडतो.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहा. मोठ्या माणसांसाठी सोडलेली रिकीब मुलांच्या पायाला पोहोचत नाही, तेव्हा काही घोडेवाले मुलांचे पाय रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्यांमध्ये खुपसून देतात. फोटोत ते व्यवस्थित दिसते, पण मूल घसरले तर पाय त्या पट्ट्यात अडकतो आणि ते घोड्यासोबत फरफटत जाऊ शकते. रिकीब लहान करून द्यायला सांगावे, आणि ती पुरेशी लहान होत नसेल तर पाय मोकळेच लोंबू द्यावेत, ते कितीतरी सुरक्षित आहे. रिकिबीत फक्त चवड्याचा भाग असावा आणि टाच खाली झुकलेली असावी, हे आपल्यालाही लागू आहे.

वर बसल्यावर भीतीने माणूस दोन गोष्टी करतो: गुडघे आवळतो आणि लगाम ओढतो. लगाम ओढला की कडियाळे घोड्याच्या तोंडात रुतते, तो मान वर करतो, आणि स्वार आणखी घाबरतो. आधारासाठी खोगिराचा पुढचा भाग किंवा आयाळ धरावी, लगाम सैल ठेवावा. नजर खाली वाळूवर न ठेवता घोड्याच्या दोन कानांच्या मधून पुढे ठेवावी. घोडा चालीत चारही पाय एकामागून एक टाकतो, आणि कंबर सैल सोडली की ती त्या चार ठोक्यांबरोबर आपोआप पुढे-मागे हलू लागते. हे घडले की मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आपल्याला दिसेल. घोड्याचे कान पुढे असतील तर त्याचे लक्ष वाटेकडे आहे; कान मागे, मानेला अगदी चिकटवून ठेवले असतील तर तो चिडला आहे, अशा वेळी दुसऱ्या घोड्याच्या जवळून नेऊ नये. फोन खिशातच राहू द्यावा. फोटो खाली उभ्या असलेल्या माणसाने काढावेत.

लाटांत घोडा घालण्याचा आग्रह धरू नये. पायाखालून मागे सरकणारा फेस पाहून बरेच घोडे बिचकून बाजूला उडी घेतात, आणि ती एक उडी नवख्याला खाली आणायला पुरेशी असते. पाण्याच्या रेषेपासून थोडे आत, घट्ट वाळूवरून जावे. जाळ्यांचे तुकडे आणि दोरखंड पडलेले असतात, त्यांवर घोडेवाल्याचे लक्ष असायला हवे, आणि त्याने दोरी हाताला गुंडाळून नव्हे तर घड्या घालून धरलेली असावी.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढावेत आणि मगच डावीकडे घसरत खाली यावे. एक पाय अडकलेला ठेवून उतरण्याची घाई करू नये. मांड्यांच्या आतल्या बाजूला एक-दोन दिवस दुखेल, ते स्वाभाविक आहे. मुलगी लगेच दुसरी फेरी मागेल, तेव्हा त्या घोड्याला पाणी पाजून थोडा वेळ उभे राहू द्यावे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच्याकडेच यावे.

परतल्यावर तिला खरोखर शिकायचे असेल, तर इंदूरात राहून ते अशक्य मुळीच नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरावीक चाली डौलदारपणे करवून घेण्याच्या प्रकारात) सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातली सुदीप्ती हजेला ही इंदूरचीच आहे, आणि घोडेस्वारीतले ते सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आलेले होते. शिकवणारी जागा निवडताना एवढेच विचारावे की, सुरुवातीचे धडे लांब दोरीवर, गोलात फिरवून देतात का, आणि खरारा करणे (अंग ब्रशने घासणे), खूर साफ करणे, खोगीर चढवणे ही कामे मुलांकडून करून घेतात का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर नाव घालायला हरकत नाही.