उघड उणीव वेळीच कशी ओळखायची?

कामातली उणीव बहुतेक वेळा दिसलेलीच असते, ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली. मला पुण्याजवळचं पानशेत धरण आठवतं. 1961 च्या पावसाळ्यात धरणाचं काम अपुरं होतं, पाणी बाहेर सोडायच्या दरवाजांचंसुद्धा. तरी पाणी साठत गेलं. भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. 12 जुलैला सकाळी धरण फुटलं, मागोमाग खालचं खडकवासला धरणही, आणि नदीकाठचं पुणं बुडालं.

म्हणून तुमच्या टीममध्ये ‘तात्पुरतं’, ‘सध्या चालवून घेऊ’ हे शब्द कुठे येतात ते आधी टिपा. मग प्रत्यक्ष काम करणाऱ्याला एकट्याला गाठून विचारा, ‘तुला कशाची धास्ती वाटते?’ बैठकीत विचारू नका, तिथे साहेबांसमोर कुणीच बोलत नाही.