फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी दिसतो : कोर्स नको, आधी बाटली तपास

अगंतुगं करतेय, चालेल ना? वयाने बरीच मोठी असेन. तू लिहिलंयस, नवी नोकरी, दिवसभर समोर माणसं, फाउंडेशन लावून गेलीस की कुणीतरी हमखास विचारतं "बरं नाहीये का?", आणि मैत्रिणीचं म्हणणं की मेकअपचा रीतसर कोर्स कर. हा "बरं नाहीये का" मी इतका ऐकलाय की तुझी पोस्ट वाचून गप्प बसवलं नाही. कोर्सचे पैसे सध्या बाजूला ठेव. तुझा हात चुकत नाहीये, शेड चुकलीय.

(डिस्क्लेमर : मी ब्युटीशियन नाही, डॉक्टर तर नाहीच. ठाण्याहून लोकलने ऑफिसला जाणारी बाई आहे.)

चेहरा धुणं, मॉइश्चरायझर वगैरे तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. राखाडीपणाचं कारण सरळ आहे. फिकट शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जास्त असतं. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर त्याचा थर बसला की खालचा पिवळा-तांबूस रंग झाकला जातो आणि माणूस आजारी दिसतो. झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन खाली असेल तर आणखी भर. त्यावर फ्लॅश पडला की मग बघायलाच नको.

आता माझी भडास. माझ्या भावाच्या साखरपुड्याआधी मी एका मॉलमधल्या काउंटरवर गेले होते. नाव घेत नाही. तिथल्या मुलीने माझ्या मनगटावर एक ठिपका लावला, वर पांढरे दिवे भगभगत होते, आणि म्हणाली, "मॅम, एक शेड वरचीच घ्या, फेस ब्राइट दिसतो." गडद काही दाखव म्हटलं तर तिच्या ट्रेमध्ये गडद टेस्टरच नव्हता! "सगळे हेच नेतात." साखरपुड्याच्या फोटोंत माझा चेहरा एका बाईचा आणि मान दुसरीची. आत्याने तर सगळ्यांसमोर विचारलं, "पुट्टी कुणी मारली गं?"

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेले. सील फुटलेला माल परत घेत नाहीत, हे मला पटतं, उद्या दुसऱ्याची उघडलेली बाटली मलाही नकोय. पण कंपनीला मेल केला तर उत्तर काय, तर शेडची निवड ही ग्राहकाची असते. निवड माझी? ठिपका त्यांनी लावला, दिवे त्यांचे, ट्रे त्यांचा. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला टार्गेट असतं. राग आहे तो "उजळ म्हणजे चांगलं" हे गृहीत धरून ट्रे भरणाऱ्यांवर. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर कित्येक वर्षं मला मेकअप शोभतच नाही असं मी धरून चालले, ते नुकसान मोठं.

तर शेड अशी बघ. मनगटावर नाही, हातावर नाही. जबड्याच्या कडेला, अर्धी गालावर आणि अर्धी मानेकडे उतरेल अशी रेघ ओढायची. जवळजवळच्या तीन शेडच्या तीन रेघा. पुसायच्या नाहीत, तशाच घेऊन दुकानाबाहेर उजेडात जायचं. लोक बघतात, बघू देत. चहा पिऊन मग आरशात बघ, कारण चेहऱ्याचं तेल मिसळलं की बरीच फाउंडेशन थोडी गडद होतात. जी रेघ शोधावी लागते ती तुझी. दोन शेडमध्ये अडलीस तर गडद घे, हे माझं मत, भांडायला येऊ नका कुणी. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून शेड ठरवायची ती युक्ती आपल्या रंगावर मला तरी कधी कामाला आली नाही.

रोज फाउंडेशन हवंच असंही नाही. मी ते लग्नकार्यापुरतं ठेवलंय. एरवी डोळ्याखाली नारिंगी करेक्टर (काळेपणा मारणारं रंगीत क्रीम) अगदी नखाएवढा, त्यावर आपल्या रंगाचं कन्सीलर (डाग झाकणारं घट्ट क्रीम), बोटाने थोपटून. पुसायचं नाही, थोपटायचं. मग काजळ आणि लिपस्टिक, तीच लिपस्टिक गालावर किंचित. पुरळ येत असेल तर गालाचं सोड. मुंबईच्या घामात काजळ उतरतं ते पापणीच्या तेलामुळे, म्हणून डोळ्याखाली आधी थोडी पावडर दाब. काजळ-मस्कारा कुणाला वापरायला देऊ नकोस. डब्यावर उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात 6 किंवा 12 च्या पुढे एम लिहिलेला असतो. उघडल्यावर तितके महिने.

मेकअप करून लोकांसमोर जायला आत्मविश्वास कुठून आणायचा, हेही विचारलंयस. एवढंच लावून आधी भाजी आणायला जा, दूध आणायला जा. ऑफिसात पहिल्यांदा लावून गेलीस की सगळं लक्ष आपल्या चेहऱ्याकडेच राहतं. तेच सामान, त्याच क्रमाने, रोज. "आज काय विशेष?" विचारलं तर "काही नाही" म्हणून कामाला लागायचं. कारणं देत बसलीस की पुढचे प्रश्न येतात.

टिकलीच्या जागी खाज सुटत असेल तर त्या कंपनीची टिकली त्याच दिवशी बंद कर. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथली कातडी पांढरी पडते.

आणि तू जाता जाता लिहिलंयस ना, केमिस्टने "ग्लोसाठी" मलम दिलंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही आहे का बघ. ही स्टेरॉइड आहेत. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली, पुरळ, लव वाढते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी काउंटरवरून सर्रास मिळतात. नाव निघालंच तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि एकदम बंद करायचं की कमी करत न्यायचं हे त्यांनाच विचार, कारण अचानक सोडल्यावरही चेहरा भडकतो.

आत्ताची फिकट बाटली टाकू नकोस. त्याच कंपनीची, त्याच प्रकारातली दोन-तीन शेड गडद छोटी बाटली मिळते का बघ. तळहातावर एक-एक थेंब मिसळून जबड्यावर लावून बघ, उजेडात. गडद थेंब वाढवत ने. जमलं नाही तर शेडचा नंबर इथे टाक, बघू.