पणजोबांचं मृत्युपत्र सापडलंय, मग देवगडची जमीन आमची का?

डोंबिवलीहून एका ताईंनी विचारलंय. आजोबांची जुनी ट्रंक उघडली, त्यात पणजोबांचं मृत्युपत्र निघालं, मोडी लिपीत, शके १८३४, गिरगावात केलेलं. पणजोबा मुंबईत पेढीवर कारकून होते, मूळ गाव देवगड तालुक्यात. वाचून घेतलं तर त्यात लिहिलंय की गावच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा धाकट्या मुलाला, म्हणजे ताईंच्या आजोबांना. आज सातबारावर फक्त थोरल्याच्या नातवंडांची नावं आहेत आणि ती मंडळी आंब्याच्या कलमांचा तुकडा विकायला निघालीत. ताई विचारतात, या कागदावर आम्हाला जमीन मिळेल का?

ताई, नुसत्या या कागदावर नाही मिळणार. शके १८३४ म्हणजे साधारण १९१२ (फाल्गुन असेल तर १९१३ धरा, तिथी बघून घ्या), आणि त्या काळात एकत्र कुटुंबातल्या माणसाला न वाटलेल्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता, स्वतः कमावलेलं काय ते देता यायचं. ही मोकळीक १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने दिली, कलम ३०. म्हणजे पणजोबा भावबंदांपासून आणि स्वतःच्या मुलांपासूनही वाटून वेगळे झाले नसतील तर ते वाक्य पोकळ.

पण गंमत अशी की तुम्हाला त्या वाक्याची गरजच नाहीये. आजोबा त्या घरात जन्मले म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, कोणी लिहून द्यायची गरज नव्हती. उद्या कोर्टात समोरची पार्टी म्हणणार काय, तर हे कोण, आमच्या घराण्यातले कशावरून? आणि तिथे हा कागद खरा कामाचा. मेलेल्या माणसांमधलं नातं सांगणारं वाक्य, वाद निघायच्या आधी लिहिलेलं, ते कुटुंबाच्या मृत्युपत्रात असो, वंशावळीत असो नाहीतर अगदी थडग्यावर कोरलेलं असो, पुरावा म्हणून वाचता येतं. नव्या साक्ष अधिनियमात कलम २६, जुन्या कायद्यात ३२. पणजोबांनी दोन्ही मुलांची नावं लिहून ठेवलीत, जमिनीच्या ठिकाणांची नावं लिहिलीत, बस्स, तेच उपयोगाचं.

एक अडचण आहे. तीस वर्षांपेक्षा जुन्या कागदाला कायदा खरा धरतो म्हणतात ते मृत्युपत्राला तसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून आधी मुंबई हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांच्या) विभागात शोध घ्या. मुंबई शहरात केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना १८७०पासूनच वेगळा कायदा होता, दोन साक्षीदार लागायचे आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यावं लागायचं. कोणी घेतलं असेल तर अर्जात मृत्यूची तारीख आणि मालमत्तेचा तपशील मिळतो, आणि प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनचा (मयताच्या मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाकडून अधिकार घेण्याचा) अर्ज असेल तर नातेवाइकांची नावं पत्त्यांसकट. शिवाय सब-रजिस्ट्रारकडे बुक नंबर ३ असतं मृत्युपत्रांचं, करणारा वारला असेल तर कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो. नोंद नाही सापडली तर घाबरू नका, मृत्युपत्राची नोंदणी तेव्हाही सक्तीची नव्हती, आजही नाही.

आता जमीन. आजचा सातबारा घ्या आणि त्यावरचे फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) नंबर धरून उलटे मागे जात राहा. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार स्कॅन झाले असतील तर आपले अभिलेख पोर्टलवर दिसतील, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज, कडईपत्रक (जुन्या सर्व्हेच्या वेळचं जमिनीचं पत्रक) भूमी अभिलेखकडे, आणि गाव खोतीचं, म्हणजे सारा खोत गोळा करायचा असं, असेल तर बोटखत (खोती गावातल्या जमिनींची जुनी नोंद) तेसुद्धा मागा. पणजोबा वारल्यावर वारस म्हणून कोणाचं नाव लागलं तो फेरफार हवाय मला. माझा अंदाज आहे तिथे थोरल्या आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असणार, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कोकणात धाकटे मुंबईला चाकरीला आणि थोरला गावी, तर नाव एकट्याचं लागायचं पण ते सगळ्यांच्या वतीने. मग सातबारे दर दहा वर्षांनी हाताने नव्याने लिहायचे, त्यात कधीतरी ती अक्षरं गळतात आणि थोरल्याची पोरं मालक होऊन बसतात. म्हणून मधला एकही सातबारा सोडू नका, सगळ्या नकला काढा. माझ्याकडच्या एका प्रकरणात अख्खा दावा त्या तीन अक्षरांवर उभा राहिला होता.

नावं शोधताना आडनावावर विसंबू नका, जुन्या दस्तात बरेचदा आडनावच नसतं, गोविंद बिन रामजी (रामजीचा मुलगा) असं असतं, बायकांचं काशी कोम बाबू (बाबूची बायको) किंवा भ्रतार (नवरा) अमुक. एकाच वाडीत तीन गोविंद बिन रामजी निघतात हो! मग चतुःसीमा बघायच्या, कुठला ओहोळ, कुठला गडगा (दगडी कुंपण), कोणाचं भाट (बागायत). आणि सर्व्हे नंबर बदलले तरी ठिकाणाचं नाव टिकतं, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा. मृत्यूच्या तारखांसाठी गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते. मोडी लिप्यंतर जाणकाराकडून सहीनिशी करून घ्या, कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून त्यांचा भाव वाढलाय पण इलाज नाही. आणि देवगड १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं, त्यामुळे तिकडेही विचारा.

पैसे घालायच्या आधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर सगळं फुकट. एक, १ एप्रिल १९५७ला कुळं मालक झाली, तुमचा तुकडा कुळाकडे गेलाय का. दोन, वडील-आजोबांच्या काळात वाटणी झालीय का, किंवा समोरच्यांनी तुमचा हक्क उघड उघड नाकारून बारा वर्षं झालीत का. नुसती वहिवाट त्यांची आहे म्हणून तुमचा हिस्सा जात नाही, एका हिस्सेदाराचा ताबा सगळ्यांसाठी धरतात.

विक्रीच्या बाबतीत मात्र तुम्ही थांबून चालणार नाही, कागद जमेपर्यंत ते खरेदीखत करून मोकळे होतील. आत्ताच त्यांना आणि घेणाऱ्याला वकिलाची नोटीस, पेपरात जाहीर नोटीस, आणि वाटणीचा दावा लावून मनाईचा अर्ज, वडील हयात असतील तर त्यांच्या नावाने आणि सोबत तुम्ही, मुलगी म्हणून तुमचाही हक्क आहेच. खरेदीखत झालंच तर फेरफाराची नोटीस लागल्यापासून १५ दिवसांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

आणि हो, ते मूळ मृत्युपत्र लॅमिनेट करायला नेऊ नका.