वाचक विचारतात: रग्बी लीगची दुसरी डिव्हिजन खरंच कच्ची असते का?

प्रश्न: मी दीड वर्ष लीड्सला आहे. ऑफिसमधला मित्र मला जवळच्या बॅटली क्लबची रग्बी लीगची (रग्बीचाच एक वेगळा प्रकार) मॅच बघायला घेऊन गेला. मैदान चक्क उताराचं, पहिल्या हाफमध्ये एक टीम उतरणीवर सुसाट पळत होती आणि नंतर तीच चढावर धापा टाकत होती. मजा आली, पण मित्र म्हणाला ही खालची डिव्हिजन, इथून वर जायला नुसतं जिंकून भागत नाही. म्हणजे काय? आणि ही डिव्हिजन एवढी कमजोर असते का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर: आधी कमजोरीचं बघू. पोरं कच्ची नसतात हो, त्यांच्याकडे वेळ नसतो. चॅम्पियनशिपमधले (हीच ती दुसरी डिव्हिजन) बहुतेक क्लब पार्ट-टाइम, म्हणजे दिवसभर कुणी प्लंबिंग करतो कुणी शाळेत शिकवतो, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी प्रॅक्टिस, रविवारी 80 मिनिटं अंग मोडून घ्यायचं आणि सोमवारी सुजलेला खांदा घेऊन परत कामावर. सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा, म्हणजे सुपर लीगवाला, तोच आठवडा जिम, फिजिओ आणि आराम यात घालवतो. त्यामुळे बरेचदा तासभर दोघं बरोबरीने टॅकल करतात आणि मग पार्ट-टाइमवाल्यांचे पाय जड झाले की स्कोअर हातातून सुटतो.

तुमचंच बॅटली घ्या ना. 2022 ला पार्ट-टाइम टीम घेऊन ते प्रमोशनच्या फायनलपर्यंत गेले, तिथे ली नावाच्या फुल-टाइम क्लबने त्यांना 44-12 ने हरवलं. आणि याच लीने पुढच्याच वर्षी वेम्ब्लीवर हल केआर क्लबला 17-16 हरवून चॅलेंज कप, म्हणजे या खेळातली मोठी बाद फेरीची स्पर्धा, जिंकली! म्हणजे वेळ आणि पैसा मिळाला की दुसऱ्या डिव्हिजनची टीम एका वर्षात कुठे पोचते बघा.

आणि गंमत म्हणजे हा खेळच मुळात बुडालेल्या मजुरीवरून जन्मला. खाणीतले, गिरणीतले कामगार खेळायला आले की शनिवारची मजुरी जायची, ती भरून द्यायला तेव्हाची रग्बी चालवणारी संघटना तयार नव्हती, म्हणून 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात 22 क्लब तिच्यापासून वेगळे झाले. त्यात बॅटली होतं, 1897 चा पहिला चॅलेंज कप पण त्यांचाच. आज 130 वर्षं झाली तरी त्या उतारावरचा पोरगा सोमवारी कामावर जातोच आहे, हे मला फार लागतं.

आता मित्र म्हणाला ते. 2025 च्या सीझनपासून सुपर लीगमध्ये कोण खेळणार हे ग्रेडिंगवर, म्हणजे क्लबला दिलेल्या गुणांवर ठरतं. आयएमजी कंपनीच्या सल्ल्याने आलेली ही पद्धत, एकूण 20 गुण, त्यात मैदानावरच्या कामगिरीला फक्त 5, चाहते किती त्याला 5, आर्थिक बाजूला 4.5, स्टेडियमला 3 आणि समाजातल्या कामाला 2.5. लंडन ब्रॉंकोज क्लबने 2023 ची चॅम्पियनशिपची फायनल फ्रान्सच्या टूलूजमध्ये जाऊन 18-14 जिंकली, वर गेले, पण तात्पुरत्या ग्रेडिंगमध्ये नंबर 24 वा होता, म्हणजे 2024 चा पहिला सामना खेळायच्या आधीच बाहेरचा रस्ता जवळपास नक्की. मला हे पटत नाही. खेळाडूने घाम गाळून मिळवलेली जागा कागदावर जाऊ नये.

दुसरी बाजू पण आहे, ती खोटी नाही. वर जायच्या नादात क्लब झेपत नाही एवढा खर्च करतात. कॅनडाचा टोरोंटो वुल्फपॅक क्लब घ्या, ते 2017 ला तिसऱ्या डिव्हिजनमधून सुरू झाले, 2020 ला सुपर लीगमध्ये पोचले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मधूनच बाहेर पडले. हिशोब तपासायलाच हवा, पण मग तो अट म्हणून तपासा, मैदानावरच्या निकालाची जागा त्याला देऊ नका.

2026 पासून सुपर लीग 12 ची 14 टीमची झालीय, टूलूजचा क्लब ग्रेडिंगने आला, यॉर्क आणि ब्रॅडफर्डला समितीने निवडलं, आणि खालच्या दोन डिव्हिजन मिळून एकच मोठी चॅम्पियनशिप झालीय.

प्रश्न: ऑस्ट्रेलियात पण असंच आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तिथे तर शिडीच नाही. खालच्या पातळीचा क्वीन्सलँड कप किंवा न्यू साउथ वेल्स कप जिंका, टीम एनआरएलमध्ये (तिथली सगळ्यात वरची लीग) जात नाही, चांगले खेळाडू तेवढे उचलले जातात. पापुआ न्यू गिनीची हंटर्स टीम 2014 ला क्वीन्सलँड कपमध्ये आली, 2017 ला तो जिंकली सुद्धा, आणि तिथेच राहिली. त्या देशाला एनआरएलची टीम मिळतेय ती 2028 ला, तीही ऑस्ट्रेलिया सरकारने 10 वर्षांसाठी 600 मिलियन डॉलर कबूल केल्यावर.