वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं: डोंगरातल्या गाडीला पंखा कोणता?

मागच्या अंकात पावसाळ्याआधी फोर बाय फोर गाडीची काय तपासणी करावी, ते लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत इंजिनाच्या पंख्याबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. म्हणून या वेळचं सदर फक्त पंख्याला दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९५ची महिंद्रा एमएम ५४० डिझेल आहे. शेतावर चालते, आणि सुटीत मित्रांबरोबर वेल्हे-भोरच्या डोंगरात नेतो. लो रेंजमध्ये (जास्त ओढीच्या, सावकाश गिअरमध्ये) लांब चढ लागला की गरम होते, काटा लालपर्यंत जातो. हायवेला मात्र काही त्रास नाही. मेकॅनिक म्हणतात, वॉटर पंपावरचा लोखंडी पंखा काढून १६ इंची इलेक्ट्रिक टाकू. मित्र म्हणतो, आहे तो ठेव. कोणाचं ऐकू? – एक वाचक, भोर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे, ‘हायवेला काही त्रास नाही.’ साधारण ताशी ५० किलोमीटरच्या वर गाडी धावू लागली की समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, पंख्याचं काम फारसं उरत नाही. तुमची गाडी वेगात गरम होत असती, तर मी म्हटलं असतं की पंख्याला हात लावू नका. रेडिएटर आतून गाळाने भरलाय का, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट देणारी झडप, पूर्ण उघडतोय का, हेड गॅस्केट ठीक आहे का ते बघा. पण तुमची गाडी फक्त सावकाश चालताना तापते. म्हणजे पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. हवा कमी पडण्याचं कारण मात्र पंखाच असेल असं नाही.

बॉनेट उघडा आणि पंख्याभोवती श्राउड, म्हणजे पत्र्याचं किंवा फायबरचं कव्हर, आहे का बघा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या जिपांमध्ये हे कव्हर बहुतेक वेळा नसतंच. कधीतरी वॉटर पंपाचं काम निघतं, कव्हर आड येतं म्हणून काढतात, आणि ते गॅरेजच्या कोपऱ्यातच राहतं. कव्हर नसलेला पंखा फक्त आपल्या गोलासमोरची हवा ओढतो. हिशोब करा : रेडिएटरची जाळी १७ बाय १७ इंच असेल तर क्षेत्रफळ २८९ चौरस इंच. १६ इंची पंख्याचा गोल २०१ चौरस इंच. म्हणजे चारही कोपरे धरून तीस टक्के जाळी नुसतीच उभी आहे. त्यात भर म्हणजे कडेच्या फटींतून इंजिनाकडची गरम हवा पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो.

तेव्हा पहिला खर्च श्राउडवर करा. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जाळीच्या मापाचा करून घ्या. तो जाळीच्या चारही कडांना घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर रबराची पट्टी लावा. पंख्याची पाती श्राउडच्या तोंडात निम्मी आत, निम्मी बाहेर हवीत. पूर्ण आत गेली तर हवा बाहेर पडायला जागा राहत नाही, पूर्ण बाहेर राहिली तर ओढ लागत नाही. पात्याचं टोक आणि कडा यांत सगळीकडून सुमारे इंचभर अंतर ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, श्राउड मात्र रेडिएटरला जोडलेला असतो. अंतर कमी ठेवलं तर पहिल्याच खडकाळ चढावर पातं कडेला घासेल.

त्याच दिवशी जाळी धुवा. दिवाळीनंतर आपल्या डोंगरात गवत वाळतं आणि कुसळं उडतात. ती जाळीत शिरतात, वर लाल माती बसते आणि उन्हाने तिचा पापुद्र्यासारखा थर होतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. म्हणून बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा, उजेड इंजिनाच्या बाजूने जाळीवर टाका आणि समोर उभे राहा. जिथून उजेड येत नाही तिथून हवाही जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्या, आडव्या होतात. साध्या नळीचं पाणी बरं.

एवढं झाल्यावर इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, ठेवून एक साधा कागद जाळीच्या समोर धरा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. मधोमध चिकटतो आणि कोपऱ्यात गळून पडतो, असं झालं तर श्राउडमध्ये गळती आहे.

आता इलेक्ट्रिक पंख्याचं. त्याचा खरा फायदा सावकाश चालणाऱ्या गाडीलाच आहे. पट्ट्यावरचा पंखा, म्हणजे तुमचा लोखंडी, इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आलं की पंखाही मंदावतो, नेमकं तेव्हा समोरचा वाराही नसतो. इलेक्ट्रिक पंखा इंजिनाची फिकीर न करता पूर्ण हवा देतो. पण तुम्ही लो रेंजमध्ये चढता तेव्हा इंजिन आयडलिंगला नसतं, दोन हजारांच्या आसपास फिरत असतं, आणि तेवढ्या फेऱ्यांना तुमचा लोखंडी पंखा श्राउडसह भरपूर हवा ओढतो. म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटतं. आहे तो ठेवा.

तरी इलेक्ट्रिकच घ्यायचा असेल तर आधी आल्टरनेटरवरची अँपिअरची पट्टी वाचा. १६ इंची चांगला पंखा १५ ते २५ अँपिअर खातो, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुपटीहून जास्त. दोन हेडलाइट सुमारे १० अँपिअर, वायपर आणखी चार-पाच. पावसात, रात्री, घाटात, सावकाश : सगळा भार एकदम येतो आणि त्याच वेळी कमी फेऱ्यांमुळे आल्टरनेटरची ताकद निम्म्यावर आलेली असते. जुना आल्टरनेटर हे पेलत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. पंख्याला बॅटरीवरून स्वतंत्र वायर घ्या, किमान ४ चौरस मिलिमीटरची. ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थिंग थेट चॅसीला, रंग खरवडून. डॅशबोर्डच्या जुन्या बटणातून एवढा करंट नेऊ नका, वायरिंग जळतं.

डब्यावर छापलेला हवेचा आकडा बघून पंखा निवडू नका. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो, पुढे जाळी नसताना मोजलेला. जाड, तीन-चार रांगांच्या रेडिएटरमागे तोच पंखा त्याहून बरीच कमी हवा ओढतो. दोन पंख्यांत निवड करायची तर जो जास्त करंट खातो आणि ज्याची मोटर हाताला जड लागते, त्याच्याकडे माझा कल असतो. पातळ, हलकी मोटर जाळीमागे दमते. आणि जाळीतून आरपार घालायच्या प्लॅस्टिकच्या काड्या पंख्याबरोबर मिळतात, त्या फेकून द्या. रानवाटेच्या हादऱ्यांनी त्या रेडिएटरच्या नळ्या घासून भोकं पाडतात. पंखा लोखंडी पट्टीवर, रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने बसवा.

प्रश्न : आमच्या जिप्सीने ओढा ओलांडला आणि पलीकडे जाऊन बघतो तर रेडिएटरमधून पाणी वाहत होतं. जाळीवर गोल चरा पडलाय. मेकॅनिक म्हणाला, दगड लागला असेल. पंखा बदलावा का? – एक वाचक, चंदगड

दगडाचा चरा गोल पडत नाही, दादा. तो पंख्याने पाडलेला आहे. पंखा हवा मागे ढकलतो तेव्हा पाती थोडीशी पुढे, रेडिएटरकडे ओढली जातात. हवेत ते कळतही नाही. पाण्यात हाच जोर कितीतरी पटीने वाढतो. पाती वाकून जाळीत घुसतात. प्लॅस्टिकची पाती जास्त वाकतात. त्यात इंजिनाची माउंटिंग थकलेली असतील तर गाडी ओढ्यात नाक खाली घालते तेव्हा सगळं इंजिनच पुढे सरकतं. म्हणून पंख्याआधी माउंटिंगची रबरं तपासा. एकाने ब्रेक धरून क्लच अर्धवट सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचकतं ते बघायचं. गाडीसमोर कोणी उभं राहू नका.

ओढे-नद्या तुमच्या रोजच्या वाटेवर असतील, तर इलेक्ट्रिक पंखा घ्यायला हे सगळ्यात चांगलं कारण आहे, कारण तो बंद करता येतो. पण डॅशबोर्डवर वेगळं बंद करायचं बटण हवंच, जे थर्मोस्विचलाही, म्हणजे गाडी तापली की पंखा आपोआप सुरू करणाऱ्या स्विचलाही, तोडतं. नाहीतर तुम्ही ओढ्याच्या मध्यावर असताना तो आपोआप सुरू होईल, आणि पाण्यात अडलेली मोटर फ्यूज उडवेल किंवा जळेल. मोटर सीलबंद घ्या. पाण्यात शिरण्याआधी इंजिन दोन मिनिटं आयडलिंगला ठेवून पंखा बंद करा, मग उतरा. बाहेर आल्यावर लगेच चालू करा आणि तो फिरतोय हे डोळ्यांनी बघा.

पट्ट्यावरचाच पंखा ठेवणार असाल तर ग्रिलवर ताडपत्री बांधा. चालण्याच्या वेगाने, न थांबता गेलात तर समोर पाण्याची लाट तयार होते आणि बॉनेटखाली पाणी कमी राहतं. मध्येच थांबलात की पाणी भरतं. जुने ड्रायव्हर पट्टा सैल करून ओढा पार करत. ते चालतं, पण पट्ट्याबरोबर वॉटर पंपही थांबतो, तेव्हा अगदी छोट्या ओढ्यापुरतंच, आणि पलीकडे पहिलं काम पट्टा ताणण्याचं.

प्रश्न : बोलेरोला व्हिस्कस पंखा आहे. सकाळी स्टार्ट केल्यावर मोठा घोंघाट करतो, मिनिटभरात शांत होतो. कपलिंग गेलंय का? बदलण्याऐवजी रेडिएटरच्या पुढे एक जुना बाजारातला इलेक्ट्रिक पंखा लावला तर? – एक वाचक, पारनेर

तो घोंघाट चांगलं लक्षण आहे. व्हिस्कस पंखा पट्ट्याच्या पुलीला थेट जोडलेला नसतो, मध्ये घट्ट सिलिकॉन तेलाचं कपलिंग असतं. रात्रभर सिलिकॉन तेल कपलिंगच्या कामाच्या खणात साचतं, पंखा घट्ट फिरतो. मिनिटभरात तेल साठ्याच्या खणात जातं आणि पंखा सैल पडतो. पुढे गाडी तापली की कपलिंगच्या तोंडावरची दोन धातूंची पट्टी जाळीतून येणाऱ्या गरम हवेने वळते, झडप उघडते, तेल परत कामाच्या खणात येतं आणि पंखा पुन्हा जोर धरतो. तुम्हाला घाटात तो दुसरा घोंघाट ऐकू येतो का, ते लक्ष देऊन ऐका. येत असेल तर काहीही बदलू नका.

येत नसेल तर गाडी तापवून बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पातं हाताने ढकला. लगेच थांबलं पाहिजे. भिंगरीसारखं फिरत राहिलं, किंवा मधल्या गाभ्यावर तेलाचे काळे ओघळ दिसले, तर कपलिंग संपलं. नवीन घ्या, जुना बाजार नको. बाहेरून धुतलेल्या कपलिंगमध्ये तेल किती उरलंय ते दिसत नाही. रेडिएटरच्या पुढे लावलेला पंखा स्वतःच वाऱ्याची वाट अडवतो. मागे अजिबात जागा नसेल तरच तो लावायचा.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ थार घेऊन लडाखला जाणार आहोत. गाडी नाशिकच्या उन्हातही कधी तापली नाही. पण सगळे म्हणतात, तिथे हवा विरळ असते, मोठा पंखा बसवून जा. बसवू का? – एक वाचक, नाशिक

नको, ताई. हवा विरळ असते हे खरं. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. पंखा तेवढीच हवा फिरवतो, पण ती उष्णता कमी उचलते. मात्र तिथली हवा थंडही असते, आणि तुमची गाडी मूळ पंख्यावर नाशिकच्या मे महिन्यात टिकली आहे, म्हणजे तिच्यात शिल्लक भरपूर आहे. पट्ट्यावरचा मोठा पंखा बसवलात तर वेगळंच ओझं येतं : पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याला लागणारी ताकद आठपट होते, आणि उंचीवर आधीच दमलेल्या इंजिनातून ती जाते.

तुम्ही पैसे घालायचे ते रेडिएटरच्या झाकणात आणि कूलंटमध्ये. साधं पाणी खर्दुंग ला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, उघड्या भांड्यात ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून रेडिएटरमधलं पाणी उकळत नाही. ०.९ बारचं चांगलं झाकण समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनबिंदू ११९ अंशांच्या आसपास नेतं. तेच झाकण खर्दुंग लावर ११० पर्यंतच नेऊ शकतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर हा आधारही जातो, आणि इंजिन मुळात ९० अंशांच्या आसपास चालत असतं. तेव्हा नवं, मूळ दाबाचं झाकण घाला, जास्त दाबाचं नको, नाहीतर जुने होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, फाटतील. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड पाणी निम्मं. ते उकळायलाही उशीर लावतं आणि रात्री गोठतही नाही. नाशिकहून निघताना कोणी बोअरचं पाणी ओतणार नाही एवढं बघा.

चढावर काटा वर सरकू लागला तर गाडी बाजूला घ्या, पण इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये रेस थोडी वाढवून हजार-बाराशेवर धरा, हीटर पूर्ण गरम आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात. हीटर हा छोटा दुसरा रेडिएटरच आहे. काटा खाली आला की बंद करा, आणि झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका.