वाचकांचे प्रश्न : ग्रीस-रोमची व्याख्याने कशी ऐकावीत?

परदेशी विद्यापीठांनी सर्वांसाठी खुली केलेली प्राचीन ग्रीस आणि रोमवरची व्याख्याने, या विषयावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

ग्रीस-रोमवरची व्याख्याने फुकट मिळतात हे कळले. इंग्रजी समजते, पण दोनदा सुरुवात केली आणि चार-पाच व्याख्यानांनंतर सुटले. कुठून सुरू करावे? (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

ग्रीसपासून करा, आणि एकाच वक्त्याला धरून राहा. येल विद्यापीठाच्या ‘ओपन येल कोर्सेस’ या संकेतस्थळावर डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम आहे. २००७ साली प्रत्यक्ष वर्गातच चित्रित केलेली ही २४ व्याख्याने आहेत. बरीचशी तासाभराहून लांब आहेत. केगन सावकाश, गप्पांच्या सुरात बोलतात आणि फळ्यावर फारसे लिहीत नाहीत.

गाडी चौथ्या-पाचव्या व्याख्यानाला अडते, कारण तिथे नगरराज्यांचा उदय सुरू होतो. एका तासात पंधरा-वीस गावांची नावे कानावर पडतात आणि नकाशा समोर नसेल तर त्यांचा गोंधळ होतो. त्यावर उपाय अगदी साधा आहे. पहिले व्याख्यान लावण्यापूर्वी एका कागदावर एजियन समुद्राचा ढोबळ नकाशा काढा आणि त्यावर बाराच नावे टाका : अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ, थीब्ज, आर्गोस, डेल्फी, ऑलिंपिया, मायलेटस, सार्डिस, बायझँटियम, कॉर्सायरा आणि पश्चिमेला सिसिलीत सिराक्यूज. पाठीमागे दहा सनावळ्या लिहा, सगळ्या इसवी सनापूर्वीच्या : ७७६ (परंपरेने पहिले ऑलिंपिक), ५९४ (सोलोनच्या सुधारणा), ५०८ (क्लाइस्थेनीसच्या सुधारणा), ४९० (मॅरेथॉनची लढाई), ४८० (थर्मोपिली आणि सॅलमिसच्या लढाया), ४७८ (डेलियन संघ), ४३१ (अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातले पेलोपोनेशियन युद्ध सुरू), ४०४ (अथेन्सची शरणागती), ३७१ (ल्युक्ट्राची लढाई), ३३८ (कायरोनियाची लढाई). हा कागद हाताशी असला की ऐकलेले कुठे ठेवायचे ते कळते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, या मालिकेत सिकंदर भेटत नाही. ती त्याच्या वडिलांपाशी, मॅसिडोनच्या फिलिपपाशी, आणि नगरराज्यांच्या अस्तापाशी थांबते. पोरसची लढाई ऐकायला म्हणून बसाल तर निराश व्हाल. दुसरी अधिक महत्त्वाची. केगन यांना लोकनेता पेरिक्लीसच्या काळातले अथेन्स आवडते आणि ते लपवत नाहीत. पेलोपोनेशियन युद्ध टाळता आले असते असे त्यांचे मत. त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थ्युसिडिडीस मात्र आपल्या ग्रंथात पहिल्याच खंडाच्या २३व्या परिच्छेदात म्हणतो की अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाला वाटलेली धास्ती यांनी युद्ध अटळ केले. तो परिच्छेद आधी वाचा, मग ती व्याख्याने ऐका. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ संग्रहात तो इंग्रजीत फुकट आहे. तिथेच पर्शियन युद्धांचा इतिहास लिहिणारा हिरोडोटसही मिळेल. थर्मोपिली त्याच्या सातव्या खंडात आहे, सॅलमिस आठव्यात.

रोमचे थोडे अवघड आहे. येलवरच डायना क्लाइनर यांची रोमन वास्तुकलेवरची व्याख्यानमाला आहे, २००९ची. उत्तम आहे, पण तिला रोमचा इतिहास समजू नका. पाँपेईची घरे, स्नानगृहे, रोममधल्या पँथिऑन या देवळाचा ४३ मीटर व्यासाचा घुमट असा तो प्रवास आहे. बांधकामाच्या लॅटिन संज्ञा सुरुवातीलाच येतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत. ओपस इन्सर्टम म्हणजे काँक्रीटच्या गाभ्याला ओबडधोबड दगडांचा दर्शनी थर, ओपस रेटिक्युलॅटम म्हणजे चौकोनी तोंडाचे दगड तिरके, जाळीसारखे बसवलेले, ओपस टेस्टॅसियम म्हणजे भाजक्या विटांचा दर्शनी थर. तिन्हींची रेखाटने वहीत काढून ठेवली की पुढे सोपे जाते. पॉल फ्रीडमन यांचा मध्ययुगाच्या आरंभावरचा अभ्यासक्रम थेट इ.स. २८४ पासून, म्हणजे सम्राट डायोक्लिशनपासून सुरू होतो. मधली प्रजासत्ताकाची कहाणी राहते. ती प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांनी भरून काढा : टायबेरियस ग्रॅकस, मारियस, सुल्ला, पाँपी, सीझर, याच क्रमाने.

एवढे लांबचे नको असेल तर लंडनच्या ग्रेशम कॉलेजची व्याख्याने पाहा. तिथे १५९७ पासून सर्वांसाठी मोफत व्याख्याने होत आली आहेत. प्रत्येक विषय तासाभरात पुरा होतो. एडिथ हॉल यांची ग्रीक विषयांवरची तिथली व्याख्याने अवश्य ऐका.

आमच्याकडे नेटला रेंज जेमतेम. पावसात तीही जाते. नुसते ऐकून चालेल का? (गुहागर)

केगन यांचे चालेल, क्लाइनर यांचे चालणार नाही. त्या सतत पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून बोलतात. येलवर प्रत्येक व्याख्यानाची ध्वनिफीत आणि संपूर्ण लेखी संहिता उतरवून घेता येते. १२८ केबीपीएसची ध्वनिफीत तासाला सुमारे ५८ एमबी होते. रेंज मिळेल तिथे बसून आठवड्याचे दोन भाग एकदम घ्या. आपोआप उमटणाऱ्या इंग्रजी उपशीर्षकांवर मात्र विसंबू नका. ग्रीक नावांचा ती हमखास विचका करतात. त्यापेक्षा लेखी संहिता समोर ठेवून ऐका. शोधताना नाव सापडले नाही तर स्पेलिंग बदला : सिमॉन आणि किमॉन हा एकच माणूस आहे. लॅटिन वळणाने ‘सी’ आणि ग्रीक वळणाने ‘के’ लिहितात, एवढाच फरक.

रोमन जहाजे मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानात येत, असे व्याख्यानात ऐकले. पावसाळ्यात आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मग ही जहाजे त्या दर्यात कशी टिकत? (देवगड)

दर्या ओळखणाऱ्यालाच सुचेल असा प्रश्न. बहुतेक व्याख्याते ‘मोसमी वाऱ्याने’ एवढे म्हणून पुढे जातात. उत्तर तारखांमध्ये आहे.

रोमन लेखक प्लिनीने आपल्या विश्वकोशाच्या सहाव्या खंडात सगळा प्रवास दिला आहे. नाईल नदीवरच्या कॉप्टॉसपासून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेपर्यंत उंटांवरून १२ दिवस. बेरेनिकेहून ऐन उन्हाळ्यात, व्याध ताऱ्याच्या उदयाच्या आगेमागे, शीड उभारायचे. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीजवळच्या ओकेलिसला पोचायला ३० दिवस. तिथून अरबी समुद्र ओलांडून केरळातल्या मुझिरिसला ४० दिवस. व्याधाचा उदय जुलैच्या मध्याला धरला तर ओकेलिस ऑगस्टच्या मध्याला येते आणि आपला किनारा सप्टेंबरच्या अखेरीस. जून-जुलैत दर्या सर्वांत खवळलेला असतो, तेव्हा ही जहाजे तांबड्या समुद्रात उत्तरेच्या वाऱ्यावर खाली सरकत असत. ती आपल्या बाजूला येईतो नैर्ऋत्येचा जोर उतरलेला असे, तरी पाठीवर ढकलणारा वारा शिल्लक असे. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर आपले लोक होड्या लोटतात, त्याच हिशोबात ते बसत. महिनाभर लवकर निघाले तर किनारा धोक्याचा. फार उशीर झाला तर वारा पडायचा आणि जहाज मधेच रखडायचे. परतीला डिसेंबर-जानेवारीतला ईशान्येचा वारा.

जहाजांची बांधणीही वेगळी होती. भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीत फळीच्या जाडीत खाचा कोरत, दोन फळ्यांच्या खाचांत मिळून एक लाकडी पट्टी बसवत आणि वरून आडव्या खुंट्या ठोकून ती पक्की करत. असे शेकडो सांधे आधी जोडून कवच तयार होई, आतल्या आडव्या बरगड्या नंतर बसत. हे काम खर्चिक होते, पण लाटांच्या माऱ्याखाली असे कवच सहसा उसवत नसे. अरबी समुद्रातली शिवलेली गलबते लवचीक होती आणि किनाऱ्यावर आपटली तरी तगत, पण त्यांना सतत दुरुस्ती लागे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत किनारा जवळ आल्याची एक खूण दिली आहे : पाण्यात साप दिसू लागतात. भडोचजवळ आल्यावर राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार लांब होड्या घेऊन सामोरे येत आणि भरतीची वेळ साधून जहाजे ओढत आत नेत, असेही तिथे आहे. आणि हिप्पालस नावाच्या ग्रीक खलाशाने मोसमी वारे ‘शोधले’ असे कुणी सांगितले तर थोडे सावध ऐका. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलेल्या हकिकतीत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी, युडॉक्सस या ग्रीक दर्यावर्दीला वाट दाखवणारा खलाशी हिंदुस्थानीच होता.

त्या ‘पेरिप्लस’मध्ये कोकणातली कोणती बंदरे येतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, श्रीवर्धन)

पुस्तक लहान आहे, जेमतेम ६६ परिच्छेदांचे. तुम्ही ५२ आणि ५३ वाचा. ५२व्यात कल्याण आहे. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले, पुढे सत्ता बदलल्यावर अडथळे आले आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असे. कोकणची बाकीची बंदरे लेखकाने एका ओळीत उरकली आहेत, त्याचे कारण बहुधा हेच असावे. सेमिल्ला, मांदागोरा, पालाइपात्माई, मेलिझिगारा, बिझांतिऑन, तोगारॉन, औरान्नोबोआस अशी ती यादी आहे.

सेमिल्ला म्हणजे चौल, यावर जवळपास एकमत आहे. मांदागोरा म्हणजे बाणकोट असे जुने अभ्यासक म्हणत, पण कुडा लेण्यांजवळच्या मांदाडचेही नाव पुढे आले आहे. पालाइपात्माई दाभोळ, मेलिझिगारा जयगड, बिझांतिऑन विजयदुर्ग ही जुळवाजुळव मुख्यतः नावांच्या साम्यावर उभी आहे. ग्रंथाची आधारभूत प्रत दहाव्या शतकातली, हायडेलबर्गला आहे आणि तिच्यात नावांची अक्षरे बिघडलेली आहेत. म्हणून गावच्या स्मरणिकेत ‘आमचे गाव पेरिप्लसमध्ये आहे’ असे ठासून छापू नका, ‘असे काही अभ्यासक मानतात’ एवढेच लिहा. शॉफ यांचे १९१२चे इंग्रजी भाषांतर फुकट मिळते, पण टीपांसाठी कॅसन यांचे १९८९चे अधिक भरवशाचे. प्रत्यक्ष वस्तू पाहायची असेल तर घाट चढून कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननातली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

आमच्या वाचनालयात ही व्याख्याने पडद्यावर दाखवायची आहेत. परवानगी लागेल का? (सावंतवाडी परिसर)

येलची बहुतेक व्याख्याने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत. त्याच्या अटी तीन. विद्यापीठाचे आणि व्याख्यात्याचे नाव द्यायचे, पैसे कमवायचे नाहीत, आणि मराठी उपशीर्षके वगैरे केलीत तर तीही याच अटींवर खुली ठेवायची. म्हणजे तिकीट लावू नका. वक्त्याच्या पडद्यावरची छायाचित्रे बऱ्याचदा तिसऱ्याच्या मालकीची असतात, ती पत्रकावर छापू नका. ग्रेशमला हा परवाना गृहीत धरू नका, त्यांना आधी लिहून विचारा.

२४ व्याख्याने दर आठवड्याला म्हटली तर ऑक्टोबरात सुरू करून मार्च उजाडतो. मध्ये दिवाळी, शेवटी शिमगा, आणि पालख्या निघाल्या की सभागृहात कोण येणार? त्यापेक्षा आठच निवडा : नगरराज्य, स्पार्टा, अथेन्स, पर्शियन युद्धे, अथेन्सचे साम्राज्य, लोकशाही, पेलोपोनेशियन युद्ध आणि अस्त. पावसाळ्यात मुळीच ठेवू नका. पत्र्याखाली एक शब्द ऐकू येत नाही.

सबंध तास सलग दाखवला की निम्मे लोक पेंगतात. आधी १० मिनिटे मराठीत नकाशा आणि नावे सांगा, मग ३५ मिनिटे चित्रफीत, मग २० मिनिटे चर्चा. कुठे थांबवायचे ती वेळ आधीच पाहून लिहून ठेवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे उपशीर्षके जातात. स्लॅब आणि फरशीच्या दालनात आवाज घुमतो आणि परका उच्चार अजूनच कळत नाही. मोठा ध्वनिक्षेपक एकच लावण्याऐवजी दोन लहान, श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि भिंतींना सतरंज्या लावा. चित्रफीत आधीच लॅपटॉपवर घेऊन ठेवा. नेटवरून थेट दाखवायची वेळ आणू नका.

प्रमाणपत्र मिळते का? (रत्नागिरी)

ओपन येलवर नाही. परीक्षा नाही, श्रेयांकही नाहीत.

इसवी सनापूर्वीचे वय मोजताना नेहमी एक वर्ष चुकते. (अलिबाग)

इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, शून्य वर्ष नाही. दोन्ही आकडे मिळवून एक वजा करा. रोमन सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३च्या सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४च्या ऑगस्टमध्ये गेला. ६३ अधिक १४ वजा १ म्हणजे ७६. पण वाढदिवसाला महिनाभर उरला होता, म्हणून वय ७५. अथेन्सचे वर्ष मात्र उन्हाळ्याच्या मध्यावर बदलत असे, त्यामुळे तिथल्या घटनांना ‘५९४/३’ असा जोड सन दिलेला दिसेल. ती छपाईची चूक नव्हे.